माझं मत क्रॉयडनताईंना

मी आयुष्यात निवडणुकीचा प्रचार एकदाच केला आणि तोही आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी. माझ्या उमेदवाराने मतदानाच्या नऊ दिवस आधी माघार घेतली. अजूनही बातम्यांत एखादा मोठा पुढारी ‘घरगुती कारणासाठी’ माघार घेतो असं ऐकलं की मला आमचं लंडनमधलं पिनरचं घर आठवतं आणि मी टीव्हीचा आवाज कमी करते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे हे हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. म्हणजे लोकांना झोपवण्याचा त्यांना पगार मिळे आणि घरी आले की तेच काम ते स्वतःवर फुकट करत. मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ होते. मुलगी बारा वर्षांची, जन्म इथलाच. तिचं मराठी मोठं धाडसी होतं. तो, ती, ते यांत ती भेदभाव करत नसे.

मंडळ वेम्बलीत भरायचं. भरायचं म्हणजे एका चर्चचा हॉल आम्हाला सणावारी भाड्याने मिळे. आदल्या दिवशी तिथे वयस्क इंग्रज बायकांचा नाचाचा वर्ग असे, त्यामुळे फरशी इतकी गुळगुळीत की आरतीला उभं राहताना शेजारणीचा दंड धरावा लागे. या मंडळाला एकच अध्यक्ष होते. मी आले तेव्हापासून तेच. सगळे त्यांना अध्यक्षकाका म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हटलं नसतं. दरवर्षी मार्चमध्ये सर्वसाधारण सभा होई, काकांचं नाव पुढे येई, टाळ्या पडत आणि काका हात जोडून सांगत की बिनविरोध निवड ही आपल्या मंडळाची परंपरा आहे, आपल्याकडे मतभेद नाहीत. मत कोणी विचारलंच नाही तर मतभेद होणार कुठून, हे मी घरी येताना गाडीत म्हणायची. हे मान डोलवायचे. ते पटलं म्हणून की डुलकी लागली म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता, कारण गाडी मी चालवत असे.

गंमत म्हणजे तेव्हा देशाच्या गादीवर बाई होती आणि पंतप्रधानही बाई होती. नोटेवर बाई, टपालाच्या तिकिटावर बाई. देश चालवायला बाई चालत होती, पण गणपतीचा हॉल बुक करायला चालत नव्हती. आमचा ‘भगिनी वर्ग’ हॉलच्या मागच्या किचनमध्ये असे आणि भाषणात आभार मानायची वेळ आली की त्याला दारापर्यंत बोलावत.

या किचनची राणी होत्या क्रॉयडनताई. आम्ही सगळे लंडनच्या उत्तरेला, वेम्बली-हॅरो-पिनरच्या पट्ट्यात, आणि त्या एकट्या पार दक्षिणेला क्रॉयडनला, म्हणून हे नाव पडलं. वीसेक वर्षांपूर्वी त्या नर्स म्हणून आल्या आणि आता एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आपल्या छोट्या लाल गाडीच्या डिकीत चहाचा भलामोठा अर्न, म्हणजे तोटीचं भांडं, घालून त्या अख्खं लंडन पार करून यायच्या आणि आल्या आल्या बाह्या सरसावून म्हणायच्या, चला, कोण काय करतंय.

एका गणपतीला हॉलचा केअरटेकर हॉलला कुलूप लावून गायब झाला. बाहेर दोनशे माणसं, पातेलंभर मसालेभात आणि हातात गणपती घेतलेले अध्यक्षकाका. काका म्हणाले, आपण सर्वांनी शांतता राखू या. क्रॉयडनताईंनी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला दोन प्रश्न विचारले, काठापदराची साडी जराशी वर खोचली आणि सरळ पलीकडच्या पबमध्ये शिरल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यापुढे केअरटेकर चालत होता आणि त्याच्या हातात किल्ल्या होत्या. शिवाय तो सॉरी म्हणत होता. मी त्याच क्षणी ठरवलं की आपल्याला अध्यक्ष हवा तर असा.

त्यांना तयार करायला मला चार महिने लागले. तीनदा त्या नाही म्हणाल्या. चौथ्यांदा अर्न घासता घासता म्हणाल्या, "बरं. उभी राहते. पण भाषण नाही करणार हं मी." अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. अनुमोदक म्हणून यांची घेतली. नाइट ड्यूटीवरून आलेल्या माणसापुढे कागद आणि पेन धरलं की तो सही करतो, हे मला लग्नानंतर लगेच समजलं होतं. चार दिवसांनी मंडळाच्या पत्रकात स्वतःचं नाव वाचून हे खडबडून जागे झाले. अध्यक्षकाकांबरोबर ते दर पंधरवड्याला ब्रिज खेळत. त्यांनी मला विचारलं की माझ्याविरुद्ध आणखी कोणकोणत्या कागदांवर माझ्या सह्या आहेत.

उमेदवार मिळाला, आता प्रचार. मी भलतीच पेटले होते. तिळगुळाचं सामान आणायला ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानात गेले होते. पिशवीत तीळ पडत होते, दुकानदार चिक्कीचा गूळ फोडत होता आणि तेवढ्यात मला ती कल्पना सुचली. संक्रांतीचं हळदीकुंकू! यंदा ते आपल्या घरी जंगी करायचं, मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलवायचं, क्रॉयडनताईंना मध्यभागी बसवायचं आणि एका दगडात सगळे पक्षी मारायचे. नवऱ्यांना संशयही येणार नाही. हळदीकुंकवाला कोण नवरा येतो?

वाणही प्रचाराला साजेसं हवं होतं. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे सगळ्यांकडे ढिगाने होते. या देशात मत पेन्सिलीने देतात. मतदानकेंद्रातल्या छोट्या कप्प्यात दोऱ्याला बांधलेली बोटभर पेन्सिल असते, तिने फुली मारायची. मला ते फार आवडायचं. पासपोर्ट भारतीय असूनही, राष्ट्रकुलातले म्हणून, आम्हाला इथे मत होतं आणि मी प्रत्येक वेळी इस्त्रीची साडी नेसून फुली मारायला जायची. म्हणून मी तीस पेन्सिली आणल्या, प्रत्येकीला हळदीच्या रंगाचा दोरा बांधला आणि कागदात गुंडाळून ताटात रचल्या. लेकीने बिल्ले केले. त्यांवर चहाच्या अर्नचं चित्र होतं. ते तिचं तिलाच सुचलं होतं.

त्या शनिवारी आमच्या पिनरच्या बैठकीत सव्वीस बायका बसल्या. सोफे भिंतीला लावले होते, जेवणाच्या खुर्च्या आणल्या होत्या, दोघी-तिघी जिन्यावर होत्या. पोर्चमध्ये चपला-बुटांचा एवढा ढीग झाला की शेजारच्या इंग्रज बाईने मला नंतर हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना, कोणी गेलं का घरात. मी सूचक या नात्याने भाषण केलं. पबचा प्रसंग रंगवून सांगितला. मग विचारलं, तर मग क्रॉयडनताईंना कोण कोण मत देणार? सव्वीसच्या सव्वीस हात वर गेले. बांगड्यांचा काय आवाज झाला म्हणून सांगू. अध्यक्षपद खिशात आलंच होतं.

क्रॉयडनताई बागेच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळे हात नीट पाहून घेतले आणि म्हणाल्या, "हात छान आहेत. पण मत कितीजणींना आहे?"

आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. मग त्यांनी पिशवीतून मंडळाची घटना काढली. टाइप केलेली सात पानं. टाइप करणाऱ्यानंतर ती वाचलेल्या त्याच एकट्या असाव्यात. घटनेनुसार आम्ही सगळ्या ‘कुटुंब सभासद’ होतो आणि एका कुटुंबाला एक मत होतं, जे कुटुंबप्रमुखाने द्यायचं. इतकी वर्षं हात वर करायची वेळच आली नव्हती, त्यामुळे आपल्याला हात नाही हे कोणाला कळलंच नव्हतं. ब्रिटनच्या पार्लमेंटला मत देणारी मी, माझ्या मंडळात मला मत नव्हतं. त्या खोलीत मत होतं फक्त क्रॉयडनताईंना. का, ते एकीने विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या घरात प्रमुख मीच, दुसरं कोणी नाहीच ना.

सगळ्याजणी खो खो हसलो. पण ताईंचं अजून संपलं नव्हतं. घटनेत शेवटच्या पानावर एक कलम होतं. कोणाही सज्ञान मराठी माणसाला स्वतंत्र सभासद होता येतं, फक्त जानेवारी संपायच्या आत अर्ज करायला हवा. अर्जांच्या फोटोकॉपीही त्यांनी आणल्या होत्या. वॉर्डवर औषधं वाटावीत तशा त्या त्यांनी आम्हाला वाटल्या. बायका तिथेच पेनं मागू लागल्या. मी म्हटलं, पेनं कशाला, वाण आणलंय की. आणि त्याच भरात मी करंडा उचलला.

पुढचं सांगताना मला अजूनही लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीच्याला काही अर्थ नाही.

मी जिन्यापासून सुरुवात केली. हळद, कुंकू, तिळगूळ, पेन्सिल. हळद, कुंकू, तिळगूळ, पेन्सिल. माझ्यामागे लेक गुलाबपाणी शिंपडत होती, थोडं जास्तच. सोफा झाला, खुर्च्या झाल्या. बागेच्या दाराअलीकडच्या बाईंना कुंकू लावलं, पुन्हा बोट करंड्यात बुडवलं, एक पाऊल सरकले आणि समोर क्रॉयडनताई.

शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत त्या विधवा आहेत हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या लेखी त्या वॉर्ड सिस्टर होत्या, अर्नवाल्या होत्या, पबमधून किल्ल्या आणणाऱ्या होत्या. हळदीकुंकू सवाष्णींचं असतं हे काय मला ठाऊक नव्हतं? जन्मापासून ठाऊक होतं. पण हे त्या ताईंशी जोडायचं मला सुचलंच नाही आणि मी त्यांच्या प्रचाराची सभा म्हणून नेमकं हळदीकुंकूच घातलं. खोली एकदम शांत झाली. एका मावशींनी पदर सारखा केला, तेवढाच. माझं बोट कुंकवाने माखलेलं हवेत होतं. लावलं असतं तर कोणी माझा हात धरणार नव्हतं. लावायचं नव्हतं तर निदान डोळ्याला डोळा देऊन तिळगूळ तरी द्यायचा. मी यांतलं काहीच केलं नाही. मी त्यांच्या डोक्यावरून मागच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हा पडदा दारात अडकलाय वाटतं. मग तो अजिबात न अडकलेला पडदा मी ओढून सारखा केला आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.

माझी लेक जागची हलली नाही.

"आई, यू मिस्ड वन," ती म्हणाली. "ताईमावशीला नाही दिला."

"अगं, माझा चहा उकळतोय," असं म्हणून क्रॉयडनताई उठल्या आणि किचनमध्ये गेल्या. बैठकीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चहा उत्तम झाला होता. त्या शेवटपर्यंत थांबल्या, कप विसळले, अर्न गाडीत ठेवला आणि जाताना मला म्हणाल्या की अर्ज वेळेत पाठव. त्या दिवशी घर आवरताना मला क्रीम रंगाच्या पडद्यावर लाल बोट दिसलं. धुतलं तरी ते गेलं नाही, नुसतं गुलाबी झालं. मी पडदा उलटा टांगला.

आणि मी ते विसरले. विसरले म्हणजे मनाला समजावलं की त्यांनी मनावर घेतलेलं नाही. त्या आधुनिक बाई, त्यांना असल्या गोष्टींचं काय! कामाचा डोंगर पुढे होता. जानेवारी संपायच्या आत एकोणीस बायकांनी स्वतःच्या नावाचे अर्ज भरले. घराघरांत करमणूक झाली. एका डॉक्टरसाहेबांनी बायकोला विचारलं म्हणे की तू वेगळी सभासद झालीस तर मी कोणाबरोबर यायचं. यांनी माझा अर्ज वाचला, ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात मी मारलेली काट पाहिली आणि म्हणाले की आता निदान ब्रिज खेळताना मला सांगता येईल, माझ्या घरात दोन पक्ष आहेत. अध्यक्षकाकाही हादरले होते. त्यांनी पहिल्यांदाच मतपत्रिका छापायला दिल्या. मला माझं सभासदपत्र आलं ते मी फ्रिजवर मॅग्नेटने लावलं. रोज दूध काढताना त्यावर माझंच नाव वाचायची.

मग मार्च उजाडला आणि सभेच्या नऊ दिवस आधी दारात मंडळाचं पत्रक पडलं. तीन ओळी होत्या. अध्यक्षपदाच्या दुसऱ्या उमेदवाराने घरगुती कारणासाठी आपलं नाव मागे घेतलं आहे, तरी परंपरेप्रमाणे निवड बिनविरोध होईल, सभेनंतर अल्पोपाहार.

मी ते चारदा वाचलं. क्रॉयडनला फोन लावला, वाजत राहिला. दिवसभर लावला. मग मला राग आला, आणि माझा राग म्हणजे साधासुधा नव्हे. त्या दिवशी मी पोळ्या केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही केल्या नाहीत. काकांनी दबाव आणला असेल, नाहीतर यांनीच ब्रिजच्या टेबलावर काहीतरी शिजवलं असेल, असं मी म्हणाले. यांनी ब्रेड खात खात शांतपणे सांगितलं की अनुमोदक म्हणून मलाही धक्का बसलाय. मग विचारलं की तुझ्या उमेदवाराला भूल कोणी दिली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण खरा राग क्रॉयडनताईंवरच होता. एकोणीस बायकांना घोड्यावर बसवलं आणि स्वतः उतरून गेली, असं मी मनात म्हणायची, तेही एकेरीत. घरगुती कारण म्हणे. घरात दुसरं आहे कोण? इतकी निराशा मला पुढे खऱ्या निवडणुकांतही कधी झाली नाही. तिथे आपला माणूस हरतो. इथे मला मत मिळालं होतं आणि द्यायला कोणी उरलं नव्हतं.

सभेला मी गेले. साडी इस्त्रीची नेसले, कारण तेवढं तरी ठरलेलं पार पाडायचं होतं. पर्समध्ये एक उरलेली पेन्सिल होती, हळदीच्या दोऱ्यासकट. काकांचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवले. काकांनी नव्या एकोणीस स्वतंत्र सभासद भगिनींचं खास स्वागत केलं आणि म्हणाले की यामुळे आपल्या किचनला मोठं बळ मिळेल. मी उठले आणि सरळ किचनमध्येच गेले, बळ द्यायला नव्हे.

त्या तिथे होत्या. अर्नखाली कप मांडत होत्या, नेहमीसारख्या. मला पाहून त्यांनी बाजूचा नॅपकिन माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. मी विचारलं की तुम्हाला काकांनी धमकावलं का. त्या हसल्या. काकांनी उलट दोनदा फोन करून विचारलं होतं, खरंच माघार घेताय ना, मतपत्रिका छापून झाल्यात. मग का, असं मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. मी म्हटलं की तुमच्यासाठी मी घराची सभा केली, बायकांची नावं नोंदवली, नवऱ्याला ब्रेडवर ठेवलं, आणि तुम्ही मला एक फोनसुद्धा केला नाहीत.

त्यांनी कप मांडायचे थांबवले.

"तुझ्यावर राग नाही गं माझा," त्या म्हणाल्या. "कुंकवाचं मला काही पडलेलं नाही. अकरा वर्षं झाली, सवय आहे. पण अध्यक्ष झाले असते ना, तर गणपतीला दिवा मी लावायचा, चैत्रात हळदीकुंकू माझ्या नावाने निघणार, पाहुण्या बाईची ओटी मी भरायची. दर वेळी कोणीतरी पडदा सारखा करायला जाणार. बाकीच्यांचं मी बघून घेतलं असतं. पण तू? तू तर माझी सूचक होतीस."

मी तो नॅपकिन उचलला आणि एक कोरडाच कप पुसू लागले.

"मला मत द्यायला निघालीस आणि चिमूटभर कुंकू द्यायला तुझा हात उचलेना," त्या म्हणाल्या. "मग मी म्हटलं, राहू दे. वॉर्डवर आधीच खूप काम आहे."

मला रडूच आलं. तशीच मी हॉलमध्ये धावत गेले. स्टेजवर समईशेजारी मंडळाचा करंडा होता, तो उचलला आणि सगळ्यांच्या देखत किचनमध्ये घेऊन आले. काकांचं आभाराचं भाषण चालू होतं. ते ‘आपण सर्व’ म्हणून थांबले. क्रॉयडनताईंनी माझ्या हातातला करंडा पाहिला आणि मान हलवली.

"ठेव जा परत," त्या म्हणाल्या. "माझी समजूत काढायला नको लावूस. निवडणूक संपली आता. ती पेन्सिल उरली असेल तर तेवढी दे. चार्ट लिहायला होते."

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती कार्डिगनच्या खिशात खोचली, दोरा बाहेर लोंबत राहिला. मग ट्रे उचलला आणि चहा घेऊन बाहेर गेल्या. मी करंडा समईजवळ परत ठेवला. त्या दिवसाचा चहा मला जन्मभर लक्षात राहील, कारण मी तो प्यायलेच नाही.

पुढे काय, असं लोक विचारतात. पुढे वर्षभर आम्ही जपूनच बोललो. हॉल, भाज्या, किती कप, असलं. मी मंडळात दोनदा हात वर केला, एकदा नव्या खुर्च्यांसाठी आणि एकदा हॉल बदलायच्या विरोधात, आणि दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या यांचा हात माझ्या उलट होता. आमचा संसार त्यानेही मोडला नाही.

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा हळदीकुंकू ठेवलं. क्रॉयडनताईंना फोन करताना तीनदा नंबर अर्धवट फिरवून ठेवून दिला. शेवटी लेकीने फोन हिसकावून घेतला आणि आपल्या मराठीत सांगून टाकलं, "ताईमावशी, शनिवारी यायचा हं. नो एक्स्क्यूज." तिकडून काय उत्तर आलं ते तिने मला सांगितलं नाही.

शनिवारी सगळ्यांच्या आधी, दोन वाजताच लाल गाडी दारात उभी राहिली. मी सकाळपासून मनाशी घोकत होते की यंदा कुठल्या खुर्चीपासून सुरुवात करायची, म्हणजे त्या मध्ये कुठे येतील, म्हणजे हात कापणार नाही. बेल वाजली तशी मी ते सगळं विसरले. ताट उचललं आणि करंडा घेऊन दारातच गेले. त्या पोर्चमध्ये एका पायावर उभ्या राहून बूट काढत होत्या. काखेत अर्न होता. पलीकडच्या बागेत इंग्रज शेजारीण गुलाब छाटत होती, तिने कात्री थांबवली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं.

"आज कसली निवडणूक आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही हो. कसलीच नाही."

"मग लाव," त्या म्हणाल्या आणि कपाळ पुढे केलं.

माझा हात कापलाच. अर्धं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं आणि त्या शिंकल्या. मग आत येऊन आपल्या त्याच खुर्चीवर बसल्या, बागेच्या दाराजवळ. बसता बसता मागे हात घालून त्यांनी पडद्याची कड उलटून ते गुलाबी बोट पाहिलं.

अध्यक्षपदाला त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी नंतरही दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मला कप विसळायला लावले. नव्वदच्या दशकात मंडळाच्या चार निवडणुका झाल्या, तीनदा तर खरोखरच चुरशीच्या. मी प्रत्येक वेळी गेले आणि कोणावर तरी फुली मारून आले. पण ज्या एका माणसासाठी मी ते मत मिळवलं होतं, त्याचं नाव त्या कागदावर कधीच नव्हतं, आणि ते नसण्याचं कारण मी होते.